पाठ केलेलं क्लोजर

श्यामसुंदर माझा धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस, पण मला अजून हाफ चड्डीतलाच दिसतो. अंधेरीच्या एका कंपनीत बावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतोय. गेल्या महिन्यात फर्मान निघालं, जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची परीक्षा पास व्हा, नाहीतर हातात नारळ!

मी मुलुंडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. त्याची दहावीही मीच करून घेतली होती. म्हटलं, "रविवारी येत जा. बघते कसा पास होत नाहीस ते."

सोपे सराव जमले, गाडी क्लोजरपाशी अडली. एका फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या छोट्या तुकड्याच्या, पोटात दुसरं. बाहेरच्यात एक आकडा. बाहेरचं आपलं काम आटपून मोकळं होतं, तरी आतलं तो आकडा लक्षात ठेवतं आणि दर हाकेला एकाने वाढवतं, म्हणजे मोजणाराच जणू. मला तरी कुठे धड कळलं होतं! पण त्याच्यासमोर कबूल करते की काय?

"कळलं ना रे?"

"हो ताई."

"मग वहीत दहा वेळा लिही."

मेल्याने वीस वेळा लिहिलं. अर्धविरामासकट पाठ.

शुक्रवारी परीक्षा. त्याची दोन्ही मुलं शिकतायत, या वयात त्याला कोण नोकरी देणार? डाळ करपली, त्याचा फोन तर लागेचना.

चारला तो थेट माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक.

"बोल ना रे! जीव टांगणीला लागलाय माझा!"

"परीक्षा घ्यायला निधी म्हणून एक मॅडम होती, पंचविशीची. क्लोजर मी धडाधड लिहिलं. तिने विचारलं, असे दोन मोजणारे केले, एकाला तीनदा हाक मारली, दुसऱ्याला एकदा, तर काय येईल? हे आपण लिहिलंच नव्हतं गं."

"मग?"

"म्हटलं, मॅडम, मला कळलेलं नाही, पाठ केलंय. ती म्हणाली, मग चालवून बघा. पहिल्याचे तीन आले, दुसऱ्याचा एक. प्रत्येकाकडे आपापला आकडा! मग तिने वेगळं उदाहरण घातलं, ते माझं मी सोडवलं. पास झालो, ताई."

देव पावला! आणि मग माझं डोकंच फिरलं.

"अरे गाढवा, त्या परक्या पोरीला सांगितलंस, मला का नाही सांगितलंस कळत नाही म्हणून?"

तो चपला काढत होता. वर न बघता म्हणाला, "तुला सांगायला अजून भीती वाटते गं."

मी पाणी आणायला आत गेले.