छावणीतलं दूध

२०१३ सालच्या उन्हाळ्यात, होळी होऊन थोडेच दिवस झाले असताना, आमच्या गावातली दुभती जनावरं चारा छावणीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर जेवढं दूध आलं, त्यात एक कॅनही भरला नाही.

गाव अंबाजोगाई तालुक्यातलं, माळावरचं. दूध संस्था बायकांनी काढलेली होती आणि माझी आई तिची अध्यक्ष होती. गाव तिला चेअरमनबाई म्हणायचं. वडीलही म्हणायचे, पण चिडले की. मी तेव्हा अंबाजोगाईत एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि सुटीला गावी जात असे. पुढच्या मजकुरातलं काही मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं आईवडिलांकडून ऐकलं आणि इतरांना विचारून पडताळून घेतलं.

दुधाची साखळी साधी होती. बाया धार काढून दूध केंद्रावर आणत, तिथं माप आणि फॅटची तपासणी होई, आणि शीतकरण केंद्राचा टेम्पो सकाळ-संध्याकाळ येऊन कॅन घेऊन जाई. टेम्पो एका ठरलेल्या मार्गावर गावं घेत येत असे. त्या मार्गावर आमचं गाव शेवटचं होतं. शेवटचा तुकडा फक्त आमच्यासाठी धावायचा, त्यामुळे दूध घटलं की आधी तोच तुटणार हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या पुढच्या गावाचं तसंच झालं होतं. आधीच्या एका दुष्काळात त्यांचा थांबा गेला आणि पाऊसपाणी चांगलं झाल्यावरही परत मिळाला नाही. त्या गावचे लोक किटल्या सायकलला अडकवून आमच्या केंद्रापर्यंत यायचे.

त्या वर्षी खरीप गेलं, रब्बी पेरलंच नव्हतं. गावातून विकायला बाहेर जाणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे दूध.

चौथ्या दिवशी शीतकरण केंद्राचे सुपरवायझर स्वतः टेम्पोत बसून आले. त्यांनी कॅनचं झाकण उघडून आत पाहिलं.

"चेअरमनबाई, एवढ्यासाठी डिझेल जाळू का?"

"जनावरं छावणीत हायत, साहेब. आटली न्हाईत."

"मग छावणीतलं दूध कुठंय?"

पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत वाट बघतो, तोवर कॅन भरले नाहीत तर गाडी दुसऱ्या अंगाला वळवतो, असं सांगून ते गेले.

छावणी घाटनांदूरच्या रस्त्याला उघड्या माळावर होती. चारा तिथंच मिळायचा आणि जनावरांची मोजणी रोज सकाळी व्हायची. जनावर बाहेर नेलं की नाव कमी. त्यामुळे गडीमाणसं जनावरांजवळ छावणीत राहत होती आणि बाया गावात. गावात पाण्याचा टँकर येई, पण त्याची वेळ ठरलेली नव्हती. तो आला तेव्हा जी हजर नसेल तिच्या घरी त्या दिवशी पाणी नसे.

आणि आमच्याकडे धार बायाच काढतात. गाय कुणापुढेही उभी राहते. म्हशीला हात ओळखीचा लागतो. गावातली बहुतेक जनावरं म्हशी होत्या.

वडिलांनी छावणीतून फोन केला.

"तुझी म्हैस पान्हा सोडंना."

"आता माझी का?" आई म्हणाली. "बाजारातून आणली तवा तुमची होती की. कासरा धरून गावभर मिरवीत आणलती."

"मस्करी नको करू. लाथा मारायली."

यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. धार काढणाऱ्या बाईचं लुगडं गड्यानं अंगावर घेऊन बसायचं. वडील कुणाच्या तरी मोटारसायकलवर गावी आले आणि आईनं त्यांना लुगडं दिलं. ते ट्रंकेतलं होतं, धुतलेलं, घडी न मोडलेलं.

"हे कावून?" वडिलांनी विचारलं.

"वीस गावची माणसं हायत तिथं. शेणाचं लुगडं नेसून बसलाव तर माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

गावातल्या सगळ्या बायांनी असाच विचार केला. दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती आणि सकाळी मी छावणीत होतो. आमच्या गावच्या दावणीला मिशाळ माणसं कडक घडीची, काठापदराची लुगडी गुंडाळून ओळीनं उकिडवी बसली होती. शेजारच्या दावणीवरून आवाज आला, "काय बे, वरात कुणाची हाय?"

आमच्या म्हशीनं मान वळवली, पदर हुंगला आणि बादली उडवली.

"नवरी पसंत न्हाई म्हणायली," वडील म्हणाले. दोन्ही दावणी हसल्या. बादली मात्र रिकामी होती.

त्याच दिवशी निरोप गेला आणि रोज धारेला नेसायची जुनी, न धुतलेली लुगडी छावणीत आली. ती चालली. म्हशींनी पान्हा सोडला. पण ते दूध मोटारसायकलवरून उन्हातून गावच्या केंद्रावर न्यावं लागे आणि त्यातलं बरंच वाटेत नासे. टेम्पो छावणीच्या तोंडावरून जाई, पण थांबा गावात होता म्हणून तिथं थांबत नसे. काही दिवसांत लुगड्यांना छावणीतल्या धुळीचा आणि विडीचा वास लागला आणि म्हशी पुन्हा लाथा मारू लागल्या. बाजारचा दिवस जवळ आला होता.

मार्ग निघाला तो टँकरच्या रांगेत. आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. घागरीवर बसून ती म्हणाली, "म्हशीला बाई पायजे. टँकरला बी बाई पायजे. अन बाई येकच. आता तिला चिरायची का?"

"येक कशी?" आई म्हणाली. "दोन घरं धरा. येकीनं जायचं, येकीनं पाणी भरायचं."

"अन गेलेलीच्या घागरी ऱ्हायल्या म्हंजी?"

"गेलेलीच्या आधी भरायच्या. मग आपल्या."

बायांनी आपापल्या घागरी जवळ ओढल्या. त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला तांब्याभर पाणीही सहज देत नव्हतं. मग एकीनं विचारलं, "जाणारी तिच्या म्हशीची धार काढंल. माझीची कोण काढणार?"

"तीच काढंल. तुजं लुगडं संगं नेऊ दे तिला. पर धुऊ नको."

"धुवायला पाणी कुठं हाय?" आत्या म्हणाली.

घरांच्या जोड्या तिथंच ठरल्या. सकाळच्या फेरीला एकीनं जायचं आणि संध्याकाळच्या फेरीला दुसरीनं. जाणारीनं जोडीदारणीचं लुगडं काखेत घ्यायचं आणि तिच्या म्हशीखाली बसताना खांद्यावर टाकायचं. हात बाईचा होता आणि वास मालकिणीचा होता. आमच्या घराची जोडी आत्याच्या घराशी जुळली. आत्याचे गुडघे धरलेले असत, म्हणून त्यांच्याकडून सून जाई.

राहिला टेम्पो. रिकामे कॅन घेऊन तो गावात येई. तेव्हाच बायांना घेऊन छावणीवर जावं, तिथं माप करून दूध घ्यावं आणि बायांना परत गावात सोडून मग पुढे जावं, असं आईनं ड्रायव्हरला सांगितलं. छावणी टेम्पोच्या वाटेवरच असल्यानं गावापर्यंतचा एकच वळसा वाढत होता.

"दुधाच्या गाडीत माणसं चालत न्हाईत, चेअरमनबाई," ड्रायव्हर म्हणाला. "साहेब मला घरी बसवतील."

"बाजारानंतर ही गाडी इकडं येणारच न्हाई. मग कोण बसणार हाय तुज्या गाडीत?"

"अन रिकामे कॅन कुठं ठिवू?"

"आमच्या मांडीवर," आत्याची सून म्हणाली. "लेकरं सांभाळतोच की."

आईनं सुपरवायझरना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाजारच्या दिवशी मी स्वतः छावणीवर येतो. कॅन भरलेले दिसले तर थांबा बदलून घेतो. तोवर मी हे ऐकलेलं नाही."

पुढच्या सकाळी टेम्पो बाया घेऊन निघाला. प्रत्येकीच्या मांडीवर कॅन आणि काखेत दुसरीचं लुगडं होतं. संस्थेच्या सचिव बाईनं फॅटचं यंत्र पोटाशी धरलं होतं. ते बॅटरीवर चालवायचं ठरलं होतं. छावणीच्या तोंडाशी आमचीच माणसं उभी होती. त्यांच्यातल्या एकानं आपल्या बायकोला पाहून हात जोडले आणि तो मोठ्यानं म्हणाला, "आलीस का माय! सुटलो बघ लुगड्यातून."

पहिल्या दिवशी काही म्हशींनी दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी अडून बसणाऱ्या कमी झाल्या. दूध तिथल्या तिथं मापून कॅनमध्ये जात होतं, त्यामुळे नासणं बंद झालं. गावात टँकर आला की आधी गेलेलीच्या घागरी पुढे सरकत. या नियमावरून एकदाही भांडण झालं नाही, असं आई सांगते. आत्याच्या सांगण्यानुसार एकदा झालं होतं, पण ते घागर कुणाची यावरून.

बाजारच्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. सुपरवायझर त्यांच्या गाडीनं आले आणि टेम्पोशेजारी उभे राहिले. आई त्यांच्याबरोबर होती. बाया एकेक करून दूध ओतत होत्या. इतर गावांची माणसं भोवती जमली होती. आमच्या पुढच्या गावचीही काही होती, ज्यांचा थांबा कधीच गेला होता. कॅन भरत गेले. शेवटचा कॅन अर्ध्यावर थांबला.

सुपरवायझरनी कॅनमध्ये वाकून पाहिलं. "झालं सगळं?"

आई साहेबांच्या स्वागताला थांबली होती, त्यामुळे आमची आणि आत्याची, अशा दोन म्हशी राहिल्या होत्या. ते वडिलांच्या लक्षात आलं. ते दावणीवरून ओरडले, "ओ चेअरमनबाई! साहेबाची सरबराई झाली असंल तर तुमची म्हैस तुंबलीय हितं!"

आईनं पदर खोचला. "थांबा साहेब. चेअरमनची म्हैस ऱ्हायली."

सुपरवायझर थांबले. वडिलांनी कासरा धरला. आई बसली आणि तिनं म्हशीच्या कासेवरून हात फिरवला. बराच वेळ काही झालं नाही. मग बादलीच्या तळाला धार वाजली. बादली भरल्यावर ती आत्याच्या म्हशीकडे गेली, तिनं आत्याच्या सुनेचं लुगडं खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या बादलीत तिचीही धार काढली. दोन्ही बादल्या तिनं स्वतः उचलून आणल्या, कुणाला हात लावू दिला नाही. दूध कॅनच्या गळ्यापर्यंत आलं.

सुपरवायझरनी झाकण स्वतः दाबून बसवलं आणि ते ड्रायव्हरकडे वळले. "उद्या दोन कॅन जास्तीचे घे."

"कुठं ठिवू, साहेब?"

"मांडीवर जागा आहे म्हणतात," साहेब म्हणाले.

आमचा थांबा छावणीवर हलवला गेला. पुढच्या आठवड्यात पुढच्या गावच्या बायांनी आईला विचारलं आणि त्यांनीही घरांच्या जोड्या लावल्या. त्यांचं दूध आमच्या मापात घेतलं जाऊ लागलं. बायांना एका फेरीत जागा पुरेना, तेव्हा टेम्पो दोन फेऱ्या करू लागला. जास्तीचे कॅन लागले, तेही शीतकरण केंद्रानं दिले. छावणी चालू होती तोवर आमच्या मार्गावर एकही फेरी रद्द झाली नाही. मी नंतर ड्रायव्हरला आणि सुपरवायझरना वेगवेगळं विचारलं. दोघांनी हेच सांगितलं.

पाऊस झाल्यावर छावणी बंद झाली. जनावरं चालत गावी आली. वडिलांनी जुनं लुगडं घडी करून आईच्या हातात दिलं आणि तिनं ते त्याच दिवशी धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गावच्या केंद्रावर आला. बायांनी कॅन चढवले. टेम्पो तिथून मागे फिरला नाही. तो रस्त्यानं पुढच्या गावाकडे गेला आणि तिथले कॅन घेऊन परत आला. मार्गावरचं शेवटचं गाव आता ते आहे.