लिफ्टमधला अक्कांचा हिस्सा

अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं बाबांबरोबर नागपूरच्या चौकात वाटत मी मोठी झाले. भुतांचा माझ्यावर राग असेल तर तो योग्यच आहे. तेव्हा हे वाचून कोणी "तूसुद्धा?" असं विचारलं तर... हो, मीसुद्धा.

इथे कानडी मुलखात, जे. पी. नगरमधली आमची पाच मजली बिल्डिंग, लिफ्ट एकच. मी पाचव्यावर भाड्याने राहते. चौथ्यावर सरोजाअक्का असायच्या – मूळच्या बेळगावच्या, असोसिएशनच्या पहिल्या सेक्रेटरी. माझी सकाळची कॉफी त्यांच्याकडेच व्हायची. खालून लिफ्टने निघताना गेटमधून कोणी येताना दिसलं, की अक्का दारात पाय घालून उभ्या. "स्वल्प थांबा की! येऊ दे तिला."

ती म्हणजे बहुतेक वेळा मंजुळा. वरच्या मजल्यांवर धुणीभांडी करणारी, आनेकलहून बसने येणारी, गुडघे गेलेली.

कामवाल्यांनी जिनाच वापरावा, असं कमिटीने काढलं तेव्हा अक्कांनी अध्यक्ष पेंडशांना सभेतच विचारलं, "कायद्यानं या लिफ्टमध्ये माझा अविभक्त हिस्सा आहे, होय की नाही?"

"आहे ना. सगळ्याच मालकांचा आहे."

"मग माझ्या हिश्श्यातनं मंजुळा जाईल. तुमचा कोपरा कुठला ते दाखवा, तिथं ती पाय ठेवणार नाही!"

अविभक्त म्हणजे कोपरे पाडताच येत नाहीत. सभा हसली, ठराव बारगळला.

उन्हाळ्यात अक्का गेल्या. लगेच ठराव झाला, पाटी लागली. मी कायदा, उपविधी, सगळं पालथं घातलं. मालकांचे हक्क पानोपानी, मंजुळाचा उल्लेखच नाही. मी सभेत भांडले, तर "मॅडम, तुम्ही ओनर नाही" म्हणून मला बसवलं. मंजुळा म्हणाली, "परवागिल्ल, चालतंय, चढते हळूहळू. नाहीच जमलं तर काम सोडते."

आणि लिफ्टचं दार लागेनासं झालं.

फक्त तळमजल्यावर, आणि फक्त मंजुळा गेटमधून आत आली की. एरवी ठणठणीत! मेकॅनिकने सेन्सर बदलला, तरी तेच. "सर, दारात कोणीतरी उभं आहे असं सेन्सर म्हणतो." दारात कोणी नव्हतं.

एका सकाळी मी आणि पेंडसे आत, दार उघडं, मंजुळा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर टेकलेली. पेंडशांनी बटणावर बोट दाबून धरलं.

"हे तुम्हीच काहीतरी केलंय!"

"मी पत्रकं काढते हो काका, लिफ्ट नाही बिघडवत."

शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "अम्मा... बा. आत ये."

मंजुळा आत आली. दार अलगद लागलं.

लिफ्ट चौथ्यावर थांबली. चौथ्याचं बटण कोणीच दाबलं नव्हतं. दार उघडलं, बाहेर अक्कांचं कुलूप लावलेलं घर. मंजुळाने पदर सावरला. आणि पेंडसे – विज्ञान शाखेचे, पुण्याचे, कशालाही न बधणारे पेंडसे – अंग चोरून बाजूला झाले... कोणाला तरी उतरायला वाट द्यावी तसे.

पाटी त्यांनी स्वतः काढली. त्यानंतर दार एकदाही अडलेलं नाही. मेकॅनिकला कारण सापडलं नाही, मला तर नाहीच. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. सेन्सर नक्की बदलला होता ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "यावर पत्रक काढू नकोस."