गणपतीत मोजलेलं बंदर

लालबागच्या त्या चाळीत कुणाला कसलाही अंदाज हवा असला की अनुजा परबचं दार वाजे. बारशाला भात किती, मसाल्याला मिरची किती; बाई क्षणभर छताकडे बघायची आणि ठणकावून सांगायची. ‘माहीत नाही’ हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेच नव्हते. बंदरांचं नियोजन करणाऱ्या परळच्या कंपनीत इंजिनीअर म्हणून तिचं नाव झालं, तेही याच जोरावर.

यंदा लष्कराचं काम आलं. युद्धाची वेळ आलीच, तर कोकणातलं एक लहान बंदर दिवसाला किती सामान बोटींवर चढवू शकेल? बोटी जाणार बेटांवर, आणि त्यातल्याच एका बेटावर तिचा धाकटा भाऊ वैभव शिपाई. बंदर तिच्या गावाजवळच. गणपतीला जायचंच होतं, म्हणून तिने एका फेरीत सण आणि बंदराची मोजणी, दोन्ही उरकलं. चाकरमान्याचं डोकं, दुसरं काय!

लष्कराबरोबरच्या बैठकीच्या सकाळी तिने बंदरावर काढलेले फोटो चाळले. फाटकावर ट्रकांची रांगच नव्हती. गणपतीत अवजड गाड्यांना महामार्ग बंद. आले ते चार स्थानिक ट्रक सरळ आत गेले. म्हणजे फाटकावरचा वेळ कमी धरला गेला, आकडा फुगलेला. पण क्रेनवरचे निम्मे लोकही आपापल्या घरी आरतीत होते. म्हणजे माल नेहमीपेक्षा हळू चढला, आकडा आखडलेला. मग खरा कुठला? तिने पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं आणि दर वेळी जास्तच गोंधळली.

“अगं, दोन्ही चुका एकमेकींना कापतात. राहू दे तोच आकडा,” तिचे साहेब अजित साठे म्हणाले. तिला तेही पटलं, हीच तर पंचाईत.

बैठकीत कर्नलसाहेबांनी विचारलं, “एवढा माल नक्की चढेल? बेटावरची माणसं याच्याच भरवशावर असतील.”

तिच्या डोळ्यांपुढे वैभव उभा राहिला.

“माहीत नाही, सर. मी गणपतीत मोजलंय. परत मोजावं लागेल.”

साठेंचा चेहरा पडला. “कळवतो,” एवढंच बोलून कर्नलसाहेब उठले. आपण शहाणपण केलं की काम घालवलं, हे तिला घरी पोचली तरी उमगलं नाही.

दारातच आई म्हणाली, “अनू, पूजेक नारळ किती व्हये गो?”

अनुजाने छताकडे पाहिलं.

“दुकानदाराक इचार, आये,” ती म्हणाली आणि तिने वैभवला फोन लावला.

“काय गो ताई, आज अचानक?”

“तुमची सामानाची बोट वेळेवर येते ना रे?”