खळ आणि खरवड

"मोरचूद कवापासून टाकून राहिलीस, तेवढं सांग."

"हळू बोल, केवळा. गल्लीला ऐकू जातंय."

"जाऊ दे. माझा माणूस दोन दिस ओकला, अक्का. हिरवं ओकला. डाक्टर म्हणला, पोटात मोरचूद गेलंय. आमच्या घरात मोरचूद कुठलं? आमचे काय द्राक्षाचे मळे हायत?"

"आता बरा हाय न्हवं?"

"बरा हाय म्हणून तोंडानं बोलून राहिले. न्हाई तर धोंडा घेऊन आले असते."

लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात, शिवगंगाबाईच्या चुलीपुढं हे चाललं होतं. चुलीवर खळीचं पातेलं रटरटत होतं आणि शिवगंगाबाई ते ढवळत होती. ढवळणं थांबलं की खळीत गाठी होतात, एवढं निमित्त तिला मान वर न करायला पुरत होतं.

शिवगंगाबाई मूळची जळकोटकडची. लिंगायताच्या घरची, रोज लिंगपूजा केल्याशिवाय चूल न पेटवणारी. नवरा ईश्वरप्पा गेला, तशी सासूकडून शिकलेली एकच विद्या घेऊन ती लातुरात आली. कशाला काय चिकटतं, ही ती विद्या. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ, पेजेसारखी पातळ. चपलेच्या तळाला तीच, पण चमचा उभा राहील अशी घट्ट. बाइंडरला मैद्याची, म्हणजे वहीचा कणा वाकला तरी तडकत नाही. पाकिटाच्या कडेला बाभळीचा डिंक, थुंकी लागली की धरणारा. गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारायची, "काय चिकटवायचं, आन किती दिवस चिकटून ऱ्हायला पायजे?"

फक्त सुतारांना ती परत पाठवायची. त्यांना सरस लागतो आणि सरस हाडाकातड्याचा.

"मग पाटाचा पाय तुमच्या भक्तीनं चिकटवू का, अक्का?" एकानं टोमणा मारला होता.

"चिकटला तर चिकटव. माझ्या चुलीवर हाडं शिजायची न्हाईत."

एवढी कडक बाई. मुंगी दिसली तरी चुलीतलं लाकूड झटकून मग आत सारणारी.

पुढं प्लॅस्टिकच्या डब्यातला पांढरा गोंद आला आणि बाइंडर गेले, चांभार गेले. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला तेव्हा धनगरांनी मेंढरं विकली; घोंगडीच विणायची नाही, तर ताण्याला खळ कशाला? राहिला एक नवा जिल्हा. तो होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी एका कचेरीत छापील कागद जुनेच होते, प्रत्येकावर 'जिल्हा उस्मानाबाद'. त्यावर 'लातूर'च्या चिठ्ठ्या चिकटवायला रोजावर माणसं बसवलेली. त्यांना रोज दोन पातेली खळ लागायची आणि शिवगंगाबाईचं घर त्या दोन पातेल्यांवर चालायचं.

चिंचोके भाजून, सोलून जात्यावर दळायला केवळाबाई होती. मुखेडकडून नवऱ्याबरोबर, रामकिशनबरोबर, जगायला आलेली. शिवगंगाबाईच्या सासूपासूनचा रिवाज असा, की पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड दळणारीची. सुकाळात केवळाबाई ती शेजारच्या म्हशीला घालायची आणि हसायची. यंदा तिखटमीठ लावून ती दोघं खात होती.

कचेरीतही तेच चाललं होतं. शेषेराव कारकून एक दिवस पातेल्यात वाकून बघत म्हणाला, "बाई, चिठ्ठ्या निम्म्या होत नाहीत आणि खळ संपते. लातूर कागदावर चिकटायचं सोडून लोकांच्या पोटात चिकटून राहिलंय. उद्यापासून मोरचूद टाका."

"साहेब, माणसं हायत ती."

"मी सांगतो ना सगळ्यांना, ईख हाय म्हणून. नसेल जमत तर डब्यातला गोंद मागवतो."

त्यानं खरंच सगळ्यांना सांगितलं. कचेरीत कुणी बोट चाटलं नाही. शिवगंगाबाईनं घरी येऊन मोरचूद कुटलं, पाण्यात विरघळवलं, त्यातच पीठ कालवलं. खळ शिजली, पातेलं रिकामं झालं आणि नेहमीसारखं दाराशी ठेवलं गेलं. केवळाबाईनं ते नेहमीसारखं खरवडून नेलं.

"कसट लागली, कळकल्यावानी," रामकिशन म्हणाला होता. तिनं वरून मीठ घातलं. त्या दिवशी तिचं पोट दुखत होतं म्हणून दोघांची खरवड त्यानंच खाल्ली.

"मैद्याची असती तर निळी तरी दिसली असती," केवळाबाई आता म्हणत होती. "चिंचोक्याच्या काळ्यात काय दिसतंय? तू इसरलीस का, अक्का? इसरली असशील तर तसं म्हण. मी जाते."

म्हणायला सोपं होतं. शिवगंगाबाईनं पातेलं खाली उतरवलं.

"इसरले न्हाई."

"मग?"

"खरवड बंद झाली असती तर तू खडी फोडायला गेली असतीस. माझ्याच्यानं जातं वढवत न्हाई. दुसरं कोण येतंय?"

"म्हणून ईख चारलंस."

"थोडंच होतं. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

"कचेरीतल्या लोकांना सांगितलं ना? ते कोण तुझे?"

"ते शेषेरावनं सांगितलं."

"हाव. त्यो मुलखाचा खडूस, त्यानं सांगितलं. आन तू रोज लिंगाला पाणी घालून येतीस." केवळाबाई उंबऱ्याशी टेकली. तिचा आवाज आता खाली आला होता. "मी भांडाय न्हाई आले, अक्का. एकच सांग. त्यो मेला असता, तर दहाव्यानंतर मला परत दळाय बोलावलं असतंस का?"

शिवगंगाबाईनं पातेल्यावर ताट झाकलं. चुंबळ डोक्यावर ठेवली. पातेलं उचललं आणि केवळाबाईच्या पायाला पदर लागू न देता बाहेर पडली. कचेरी उघडायची वेळ झाली होती.