म्हातारं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीताई म्हणत. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचं, बुडबुडा न राहू देता बाटल्या भरायच्या आणि मशीनवाल्या बाईंच्या हवाली करायच्या. पुढे त्यांचं काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं.

पण यंदाचा नमुना घरचाच होता. तिचा धाकटा दीर गरम पाण्याचं स्नानगृह सांभाळायचा आणि 'आमचं पाणी हजारो वर्षांचं' म्हणून जगभर मिरवायचा.

निकाल आला तशी बाईंनी तिला बोलावलं. "ताई, पावसाच्या पाण्यात ट्रिटियम असतं, म्हणजे जरा जड हायड्रोजन. दर बारा वर्षांनी ते निम्मं होतं, जुन्या पाण्यात उरतच नाही. दिराच्या पाण्यात चिक्कार आहे. हा तर कालपरवाचा पाऊस!"

बाटलीताईचा चेहरा पडला. दिराच्या फुशारकीचं जाऊ दे, पण बाटली तिने भरली होती! बसमध्ये एकदम आठवलं: बाटली भरताना स्नानगृहातल्या हौदाच्या कडेचं पाणी कोमट लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दिराला गाठलं. "भाऊजी, हौदात गार पाणी सोडता का हो?"

दीर कान खाजवू लागला. "अहो वहिनी, नाहीतर माणसं उकडून निघतील! थोडंसं नळाचं..."

"थोडंसं!" तिने कपाळावर हात मारला. "आणि मला खुशाल तिथूनच भरू दिलंत?"

बाह्या सरसावून, जाड हातमोजे चढवून ती पंपाच्या खोलीमागे खडकाच्या फटीपर्यंत रांगत गेली. मागून दिराने तिचे पाय घट्ट धरले. वाफेने चष्मा पांढरा झाला, नाक भाजलं, पण बाटल्या भरल्या. बुडबुडा? नाव नको!

काही आठवड्यांनी बाईंनी तिला संगणकाच्या पडद्यासमोरच बसवलं. ट्रिटियम शून्य. कार्बनच्या तपासणीत वय निघालं सुमारे नऊ हजार वर्षं. शिवाय पाण्यात जड अणू इतके कमी, की ते उंच शिखरांवरच्या बर्फाचंच असणार. आणि ती शिखरं तिथून ऐंशी किलोमीटर लांब!

बाटलीताईचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने पहारेकऱ्याला मिठी मारली, बसच्या ड्रायव्हरला सगळं ऐकवलं, स्वतःचा थांबा दोनदा चुकवला. घरी नवऱ्याला म्हणाली, "नऊ हजार वर्षं जमिनीखालून चालत आलंय हो, आणि आपण त्यात पाय बुडवून गप्पा मारतो!"

"मग आधी पाय धुऊन जायला हवं," नवरा गंभीरपणे म्हणाला. ती हसून हसून बेजार.

सकाळी ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "माझ्या आजवरच्या सगळ्या बाटल्यांची वयं सांगा."

"सगळ्या? ताई, हजारावर आहेत!"

"मग खुर्ची ओढा!"

दोघी दुपारपर्यंत वाचत बसल्या. "हे चाळीस वर्षांचं? अगदीच पोरसवदा! आणि हे बारा हजारांचं... अगंबाई, आजोबा!" बाटलीताई टाळ्या पिटत होती आणि बाईंना हसू आवरत नव्हतं.