धुऱ्यावरचा सत्कार

शाल आणि नारळ घेऊन कोणी दारात आलं की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, मास्तरीणबाई तुसड्या आहेत. असू दे. ज्यांच्या बांधीत कधी सत्कार झाला नाही, त्यांना मी काय समजावणार.

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर, चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. बाबांची सगळ्यात खोल बांधी गावच्या बोडीला, म्हणजे लहान तलावाला, लागून आहे. मागच्या पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपत आला होता, तेव्हा तिथं सारसाच्या जोडीनं घर केलं. माणसाएवढा उंच पक्षी, मान लालभडक. लपतो म्हटलं तरी लपणार कुठं? त्यांनी बाबांनी रोवलेला धानच उपटला, बोडीतलं गवत ओढून आणलं, पाण्याच्या मधोमध ढीग रचला आणि त्यावर दोन अंडी घातली.

बाबांनी ढिगाभोवतीची जागा तशीच पडू दिली. त्या बाजूला औषध मारलं नाही. मोठा पाऊस आला की घरटं बुडू नये म्हणून फावडं घेऊन धावायचे आणि धुरा फोडून पाणी काढून द्यायचे. आई कुरकुरली, "एवढी बांधी पाखराले देल्यावर आपन काय खावाचं?" बाबा म्हणाले, "बाळंतीन हाय ते. बाळंतीनीले उठवतेत का?" विषय संपला. गावानंही बोभाटा केला नाही. अंड्यांवर बसलेल्या पाखराचं नाव चौकात घ्यायचं नाही, ही आमच्या गावची जुनी रीत. निंदणाला आलेल्या बायका त्या धुऱ्याजवळ पोचल्या की गाणं थांबवायच्या.

पण मोबाइलला कसली रीत? कुणीतरी फोटो टाकला आणि गोंदियाहून पक्षी वाचवणारी एक मंडळी आली. पहिल्यांदा आली तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लांब उभी राहिली, दुर्बिणीतून पाहिलं, बाबांना हात जोडले. दुसऱ्यांदा त्यांचे अध्यक्ष आले ते बाबांच्या सत्काराचं ठरवूनच.

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते, शहरातल्या शाळेत शिकवते, सुट्टीला गावी जाते. त्या दिवशी नेमकी घरी होते. म्हटलं, सत्कार गावात करा, शाळेच्या पटांगणात करा, बांधीवर कशाला? अध्यक्ष समजुतीनं हसले. "मॅडम, फोटो में पीछे घोंसला तो आना चाहिए न. उसके बिना क्या मतलब?"

ते गेल्यावर मी बाबांवर घसरले. अंड्यांतून पिल्लं निघू द्या, मग घ्या हव्या तेवढ्या शाली. बाबा खाटेवर बसून नवा पांढरा सदरा उलगडून पाहत होते. म्हणाले, "तू काऊन एवढी चिडून राहिली? आजवर कोनी बोलावलं का आपल्याले?"

धुऱ्यावर मंडप उभा राहिला. खुर्च्या आल्या, भोंगा आला, "सारस वाचवा" असं लिहिलेलं फ्लेक्स आलं. पाहुणे उशिरा आले, कारण पाहुणे उशिराच येतात. मग वरून व्हिडिओ काढायला कुणीतरी ड्रोन उडवला. तो घोंगावत घरट्यावर आला तशी मादी अंड्यांवरून उठली. नरानं पंख पसरले आणि मान वर करून ओरडायला लागला. मादीनंही त्याला साथ दिली. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "पाहा, सारस आपल्या पाहुण्यांचं स्वागत करत आहेत." टाळ्या पडल्या. टाळ्यांनीच ती जोडी उडाली आणि बोडीपलीकडे जाऊन उतरली.

मी व्यासपीठापाशी जाऊन सांगितलं, आता बंद करा. मला सांगण्यात आलं, "मॅडम, दोनच मिनिटं." मग प्रमुख पाहुण्यांनी, पक्ष्यांना शांतता किती गरजेची असते, हे भोंग्यावरून आसपासच्या शिवाराला ऐकवलं. भाषणावर भाषण झालं. ऊन चढलं. अंडी उघडीच होती.

कावळे आले ते सगळ्यात आधी बाबांना दिसले. गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ. ते तसेच पाण्यात उतरले, गुडघाभर चिखलातून हाऽऽड हाऽऽड करत धावले. मागून फोटोवाला ओरडत होता, "काका, जरा इधर देखो." बाबा पोचेपर्यंत एक अंडं फुटलं होतं. दुसऱ्याला त्यांनी हात लावला नाही, मादी परत येईल म्हणून. नुसते कावळे हाकलत उभे राहिले. पाहुणे जेवायला गेले, मंडप निघाला, तरी उभेच होते. जोडी पलीकडून पाहत राहिली, पण घरट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या मंडळीनं कॅलेंडर काढलं. त्यावर बाबांचा चिखलातला फोटो, शालीसकट, आणि खाली "पाखरांसाठी धावणारा शेतकरी". माफीचा एक शब्द नाही. त्यांना काही बिघडलं असं वाटलंच नाही, मग माफी कशाची मागतील? मी ते कॅलेंडर चुलीत घातलं.

यंदा रोवण्यानंतर जोडी पुन्हा आली. त्याच बांधीत धान उपटू लागली. मी अंगणातून पाहिलं आणि मला आनंद झाला. तेवढ्यात बाबा तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन निघाले. मी मागे धावले, डबा धरला, ओरडलेसुद्धा. त्यांनी माझा हात सोडवला. म्हणाले, "जंगलाकडच्या बोडीत जातीन. तिकडं कोनी पाहत नाही. इथं राहिले तं लोक मारतीन त्याईले, हार घालून."

ते धुऱ्यावरून डबा बडवू लागले. सारस मान वर करून नुसते पाहत राहिले. त्यांना बाबांची भीतीच वाटत नव्हती. मग बाबा पाण्यात उतरले आणि अगदी जवळ जाऊन त्यांनी डबा बडवला.