मास्तरांच्या संडासातला फेस

पाइपांच्या धंद्यात माणूस चार वर्षं टिकला की त्याच्याकडे किस्से साठत जातात. अडचण एवढीच, की ते सांगायचे कधी? जेवताना सांगता येत नाहीत, लग्नकार्यात सांगता येत नाहीत, आणि पाहुण्यांसमोर नुसती सुरुवात केली तरी आमची ही आतून भांडं आपटते. त्यामुळे माझे सगळे किस्से तसेच पडून राहिले. आज तुम्ही सगळे जेवून, पान खाऊन बसला आहात, तेव्हा सांगून टाकतो.

सन साठच्या आसपास मी पनवेलात एका सॅनिटरी सामानाच्या दुकानात नोकरीला होतो. दुकान बाबूशेठचं. जोडकामाला उस्मानचाचा, खोदकामाला जोमा आणि बिलं करायला मी. शेठकडे थिअरी होती, चाचांकडे हात होता. जोमा मिठागरावर वाढलेला, फारसा बोलायचा नाही. माझ्याकडे काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. दुपारी मांडून ठेवलेल्या पांढऱ्या भांड्यांवर ऊन यायचं, खाडीवरचा खारट वारा आत शिरायचा, आणि मी पेन हातात धरून कुठल्या कुठे जायचो. शेठ म्हणायचे, "हा माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो."

खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं एक विलायती भांडं आमच्याकडे नमुन्याला होतं. ते कोणी घेत नसे. शेठ त्यात छत्र्या ठेवायचे.

* * *

एके दिवशी मास्तर आले. गणिताचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेले, घर खाडीच्या अंगाला. आदल्या वर्षी त्यांच्या बायकोचं, म्हणजे माईंचं, परसात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण संडास परसाच्या पार टोकाला. तेव्हापासून रोज मास्तर माईंचा हात धरून तिथवर नेत, दाराशी पाठ करून उभे राहत, आणि हात धरून परत आणत. हे सगळं अख्ख्या आळीच्या डोळ्यांदेखत. माई तक्रार करत नव्हत्या. त्यांनी फक्त पाणी पिणं कमी केलं होतं.

मास्तर शेठना म्हणाले, "तिच्या खोलीला लागून करून द्या. तिला एकटीला जाता आलं पाहिजे. बाकी मला त्यातलं काही कळत नाही."

शेठनी उठून भांड्यातल्या छत्र्या काढल्या.

* * *

महिन्याभरात काम झालं. वर लोखंडी टाकी, तिला साखळी, भिंतीला धरायला दोन्ही बाजूंनी पाइपाचे दांडे. मागे सेप्टिक टँक, आणि त्याचं पाणी पाइपाने खाडीकडे. आळीत साखळीचा संडास पहिलाच, म्हणून शेजारपाजारचे बघायला आले. मास्तरांनी नारळ फोडला. साखळी ओढायचा मान माईंचा.

माईंनी ओढली. वरून गडगडाट झाला, बायका दोन पावलं मागे सरल्या, आणि भांड्यातलं पाणी खाली जायच्या ऐवजी हळूहळू वर येऊ लागलं. वर आलं ते पाणीही नव्हतं. पांढराशुभ्र फेस! दूध उतू जावं तसा तो काठापर्यंत आला आणि थांबला. मागे एका म्हाताऱ्या बाईंनी तर हात जोडले.

चाचा माझ्या कानात म्हणाले, "तीस साल हो गये मियाँ, असला संडास मी पाहिला नाही."

* * *

चाचांचं पहिलं म्हणणं, वळणात काहीतरी अडकलंय. त्यांनी बांबूची लांब कामटी काढली आणि सकाळभर पाइपात घातली, फिरवली, ओढली. कामटी स्वच्छ बाहेर आली. चाचांच्या दाढीला मात्र फेस लागला होता.

मग माझं डोकं चाललं. मी म्हटलं, टाकी उंच करा, पाणी जोरात पडेल. टाकी दोन फूट वर चढली. पाणी खरंच जोरात पडलं आणि फेस दुप्पट झाला. वर साखळी माईंच्या हाताला पोचेना, म्हणून मास्तरांनी तिला जुन्या धोतराचा काठ बांधला. शेठनी मला दुकानात बोलावून इतकंच सांगितलं, की यापुढे तू बिलंच कर.

इकडे मास्तर बादल्या भरून दाराशी उभे असायचे. माई आतून हाक मारायच्या, मग मास्तर आत जाऊन पाणी ओतायचे. म्हणजे परसाचं टोक सुटलं, पण पहारा सुटला नाही. पूर्वी निदान वाटेत चार शब्द व्हायचे, आता तेही होईनात. मला ते बघून फार वाईट वाटायचं.

* * *

मग शेठची थिअरी आली. आत हवा कोंडते, तिला वाट द्या. छपराच्या वर जाईल असा हवेचा पाइप लावला. शेठ स्वतः आले, खाली खुर्ची टाकून बसले, आणि म्हणाले, ओढा.

सकाळची नऊची वेळ, कोवळं ऊन, वारा खाडीवरून गावाकडे. साखळी ओढल्याचा आवाज आला. क्षणभर काही झालं नाही. मग पाइपाच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला. त्याच्यामागे दुसरा. मग दहा, वीस, मोजता येईनात इतके. निळे, जांभळे, सोनेरी. ते कौलांवरून गेले, नारळांच्या झावळ्यांमधून गेले, एक तर शेजारच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर बसून तसाच राहिला. आळीतली कामं थांबली. सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. मी कुठून आलोय नि ते कशातून आलेत, हे मी साफ विसरलो. आजही डोळे मिटले की मला ते बुडबुडे दिसतात.

माई खिडकीत बसल्या होत्या. "किती सुरेख दिसतंय हो," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, वर्षभरात ती आज हसली. शेठ म्हणाले, पाइप राहू द्या.

* * *

फेस तसाच राहिला, आणि त्यात आणखी एक गंमत लक्षात आली. कधी पाणी बरं जायचं, तर कधी अजिबात नाही. सकाळी जायचं ते दुपारी तुंबायचं. चाचा म्हणाले, यात कोणीतरी राहतंय.

त्या पौर्णिमेला दुपारी जोमा टँकचं झाकण बघायला आला होता. त्याने टँकमध्ये पाहिलं, मग मागे जाऊन खाडीकडे पाहिलं, आणि येऊन ओट्यावर बसला. "गुरुजी, आज पुनव हाय. खाडीला उधान आयलाय. तिचाच पानी तुमच्या पायपात शिरलाय. तुमचा जाईल कुटं?"

इतके दिवस आम्ही आत बघत होतो. बाहेर कोणी बघितलंच नव्हतं.

मास्तर गणिताचे. त्यांना हे फार आवडलं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, आणि इथे आत खाडीत ती थोडी उशिरा, हे जोमाने सांगितलं. त्यावरून मास्तरांनी महिन्याचं वेळापत्रक करून संडासाच्या दाराला आतल्या बाजूने डकवलं. सुंदर अक्षर, खाली लाल शाईने रेघ. 'अष्टमी : सकाळी व संध्याकाळी पाच ते आठ साखळी ओढू नये.'

बातमी पसरायला वेळ लागला नाही. करंज्याकडे जाणारा मचवा भरतीवर बंदरातून कधी सुटेल हे बघायला लोक मास्तरांकडे येऊ लागले. सकाळी सकाळी उंबऱ्यात अनोळखी माणूस उभा. "मास्तर, जरा संडासाचं दार बघू?" मास्तर कौतुकाने आत न्यायचे. आणि माई आत असल्या की येणारा आणि मास्तर दोघेही बाहेर उभे. एकाच्या जागी दोन पहारेकरी झाले.

एकदा माई मला हळूच म्हणाल्या, "जुनाच बरा होता हो. तिथं निदान पाहुणे येत नव्हते." मला त्यांच्याकडे वर बघवेना.

* * *

भरतीवर तोड काढली ती जोमानेच. मिठागराच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडाची झडप. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने ती मिटते, ओहोटी लागली की आपोआप उघडते. जोमाने सागाच्या फळीची वीतभर उघाडी केली, वर चामड्याचा तुकडा मारला आणि पाइपाच्या खाडीकडच्या तोंडाला बसवली. शेठ बराच वेळ ती उघडमीट करून बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुठल्या कंपनीचं?"

जोमा म्हणाला, "माज्या आज्याची."

* * *

खाडी बाहेर राहिली. भरतीत झडप मिटलेली असली तरी तेवढ्या वेळचं घरचं पाणी टँकमध्ये मावत होतं. फेस मात्र हटेना, आणि फेस असेपर्यंत पाणी नीट खाली उतरेना. चाचा हट्टाला पेटले. एका सकाळी त्यांनी बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला, बाहेर काढला, आणि चक्क वास घेतला. आम्ही तोंड फिरवलं.

"रिठा आहे," चाचा म्हणाले. "आमच्या घरी रेशमी कपडे यानेच धुतात."

मास्तरांनी माईंकडे पाहिलं. माई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, मग? भांडं स्वच्छ करायला आणखी काय घालतात? दोन मुठी रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून पाणी आत ओतायचं. उद्घाटनाच्या आदल्या दिवसापासून त्यांचा नेम होता. पहिल्या दिवशी तर पिशवीच रिकामी केली होती, लोक बघायला येणार म्हणून.

मास्तर चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, मला का नाही सांगितलंस.

माईंचा हात सुपात थांबला. "सांगितलं असतं तर तुम्ही घासायला बसला असता. हात धरून नेलंत तेवढं पुरे झालं. ते मला बघवलं नसतं."

चाचा नळावर हात धुवायला गेले ते बराच वेळ धूतच राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, रिठा झोंबतो.

* * *

रिठे बंद झाले. टँक उपसला. पंधरा दिवसांनी, अमावास्येला, ऐन भरतीची वेळ साधून आम्ही चौघे गेलो. चाचांनी साखळी ओढली. पाणी धाडकन आलं, फिरलं, गेलं. भांड्यात तळाशी स्वच्छ पाणी, त्यात वरच्या झरोक्यातलं आभाळ दिसत होतं. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

मास्तरांनी माईंना काठी दिली. माई आत गेल्या, दार लागलं. सवयीने मास्तर दाराशी पाठ करून उभे राहायला निघाले, तर शेठनी त्यांना धरून ओटीवर आणून बसवलं. आम्ही चहा घेत होतो. थोड्या वेळाने आतून पाण्याचा आवाज आला. शेठ म्हणाले, झालं.

पण माई बाहेर येईनात. चहा संपला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मास्तरांना राहवेना. ते दाराशी गेले आणि विचारलं, पडलीबिडली नाहीस ना? आतून उत्तर आलं, नाही. मास्तर परत येऊन बसले. परत उठले. पाणी गेलं ना नीट? गेलं. काही दुखतंय का? नाही हो. अर्धा तास झाला. जोमा उठून बिजागऱ्या बघू लागला, वेळ पडली तर दार उचकटावं म्हणून. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, मग आत इतका वेळ करतेस तरी काय?"



"काही नाही," माई म्हणाल्या. "कडी लावून बसलेय."